विनंतीअर्जाने नोटीस थांबत नाही

विश्रामबाग, सांगली येथील एका वाचकांचा प्रश्न असा: घराच्या एका बाजूचे सामासिक अंतर (भिंत आणि भूखंडाची हद्द यांमध्ये सोडायची मोकळी जागा) मंजूर नकाशापेक्षा अर्धा मीटर कमी भरले असून रस्त्याच्या बाजूची गॅलरीही थोडी पुढे आली आहे. असे नकाशाबाहेरचे बांधकाम हटवण्यासाठी नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली आलेल्या नोटिशीची मुदत तीस दिवसांची असून त्यांतील एकवीस संपले आहेत; ‘शिथिलता मिळावी’ असा विनंतीअर्ज महापालिकेत दिला आहे, तेवढा पुरेल का?

पुरणार नाही. अशा अर्जावर आवक क्रमांक पडला की काम झाले, असे समजणारी पत्रे माझ्याकडे वारंवार येतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53(3) प्रमाणे नोटिशीत दिलेल्या मुदतीतच, कलम 44 खाली, बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करावा लागतो. तो केला, तर त्यावर अंतिम निर्णय होईपर्यंत केवळ नोटिशीच्या आधारे बांधकामाला धक्का लावता येत नाही. नकाशे नसलेल्या विनंतीपत्राला हे संरक्षण नाही. तीन आठवडे आपण नगरसेवकांच्या दारी घालवलेत. उरलेल्या नऊ दिवसांत परवानाधारक आर्किटेक्टकडून प्रत्यक्ष मोजमापाचे नकाशे करून अर्ज दाखल करा आणि पोच जपून ठेवा.

शिथिलता मिळेलच, असे मी म्हणणार नाही. 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार स्पष्ट दाखवता येण्याजोगी अडचण असल्यास मोजमापांत सवलत देता येते, पण तो प्राधिकरणाचा स्वेच्छाधिकार आहे आणि त्यासाठी प्रीमियमही (सवलतीपोटी भरायची रक्कम) लागू शकतो. भूखंड तिरका असणे ही अडचण म्हणून मांडता येईल. गवंड्याने आखणी चुकवली, हे कारण टिकणे मला कठीण वाटते. शेजाऱ्यांना सवलत मिळाली, एवढ्यावरही भिस्त ठेवू नका.

अर्ज फेटाळला गेल्यास आदेश मिळाल्यापासून 40 दिवसांत कलम 47 खाली राज्य शासनाकडे अपील आहे. असे आदेश व नोटिसा अंतिम ठरवणाऱ्या कलम 149 मुळे दिवाणी दाव्याची वाट जवळजवळ बंद आहे. उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) 2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापुरात बसत असल्याने मुंबईची खेप वाचते, एवढेच. मुदत हुकवून उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करणाऱ्याला तेथेही पहिला प्रश्न त्या मुदतीचाच विचारला जाईल.

रस्त्याच्या हद्दीपासूनच्या अंतरात मात्र हीच नियमावली, अन्यथा तरतूद नसेल तर, शिथिलता देऊ देत नाही. म्हणून पुढे आलेला गॅलरीचा भाग स्वतःहून काढा, आणि नव्या नकाशात तो काढलेलाच दाखवा.