पाण्यात बंद पडलेली गाडी: इंजिन उघडायचं की बदलायचं?

मित्रा, आधी सेल्फ मारणं बंद कर. सिलेंडरमध्ये शिरलेलं पाणी पिस्टनने दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो, कधी ब्लॉक (इंजिनचा मुख्य सांगाडा) फोडून बाहेरही येतो. काही खोलण्याआधी विम्याचा सर्व्हेयर बोलाव. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. (इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं विम्याचं जादा कव्हर, घेतलंयस ना?)

हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवताच कुणी खर्चाचा आकडा सांगितला तर सोडून दे. नुसता रॉड वाकलाय, क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) आणि बोअर (पिस्टन चालतो ती नळी) शाबूत आहेत, तर दुरुस्तीच कर. ब्लॉकला भोक पडलं असेल तर हाफ इंजिन (हेड सोडून ब्लॉक, क्रँक, पिस्टन असा जोडलेला संच) बघ. भंगारातलं जुनं इंजिन स्वस्त पडतं खरं, पण त्या इंजिनचा नंबर आरसीवर चढवायला आरटीओ गाठावं लागतं. त्याची खरेदीची पावती नसेल तर हातही लावू नकोस. मी एकदा फसलोय.