आधारचा खर्च : हिशेब कोणाला मागायचा?

प्रश्न : ब्रिटनने खर्चापायी ओळखपत्राची योजना गुंडाळली, असे वाचले. आपल्या संसदेत आधारचा खर्च कोणी अडवून धरला होता का? – एक शेतकरी, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : खर्च हे एक कारण, खासगीपणावर घाला येतो हा आक्षेपही तितकाच मोठा होता. ब्रिटिश सरकार वर्षाला ५८.४ कोटी पौंड सांगत होते, पण तो एकट्या गृहखात्याचा आकडा. कार्ड वाचणारी यंत्रे इतर खाती घेणार, ती त्यात धरलीच नव्हती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने २००५ मध्ये दहा वर्षांचा खर्च १०.६ ते १९.२ अब्ज पौंड काढला. जानेवारी २००६ मध्ये उमरावांच्या सभागृहाने (ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) २३७ विरुद्ध १५६ मतांनी ठरवले, की पूर्ण खर्च कळल्याशिवाय योजना सुरू करायची नाही. शेवटी दर सहा महिन्यांनी खर्चाचा अहवाल देण्याचे कलम कायद्यात आले. २०१० मध्ये कायदाच रद्द झाला. ज्यांनी ३० पौंड भरून कार्ड घेतले, त्यांना पैसे परत मिळाले नाहीत.

आपल्याकडे आधारचे पहिले विधेयक डिसेंबर २०१० मध्ये राज्यसभेत आले. यशवंत सिन्हांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या स्थायी समितीने वर्षभराने ते नाकारले. आधीच्या ओळखपत्रांच्या तुलनेत हे किती महाग पडेल, याचा हिशेबच मांडलेला नाही, हा समितीचा एक आक्षेप होता आणि तो रास्त होता. मार्च २०१६ मध्ये मात्र नवे विधेयक आले, तेही धन विधेयक म्हणून. धन विधेयकात राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते. तिने केलेल्या शिफारशी लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या.

प्रश्न : आमच्या खासदारांमार्फत आजचा खर्च विचारायचा तर कसा?

उत्तर : अतारांकित प्रश्न द्यायला सांगा, उत्तर लेखी मिळते. किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना लागते, प्रश्न १५० शब्दांत बसवावा. नुसते ‘किती खर्च झाला?’ विचारले, तर एक गोळाबेरीज हाती येते. म्हणून वर्षवार अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च वेगवेगळे मागा. आधार देणारे प्राधिकरण इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आहे. रेशन दुकानातल्या मशीनचा खर्च त्याच प्रश्नात घुसवू नका, तो अन्न मंत्रालयाला वेगळा विचारा. खर्च असा खात्याखात्यांत वाटला जातो, म्हणूनच एकूण आकडा कुठेच दिसत नाही.

प्रश्न : कापूस वेचून मायच्या बोटांचे ठसे झिजले, रेशनला थम लागत नाही. केंद्रावर ३०० रुपये घेतले. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून ठसे-बुबुळे नव्याने घेण्याचे १२५ रुपये आहेत. त्याच वेळी पत्ता बदलला तर वेगळे पैसे नाहीत. नुसता पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलायचा तर ७५. पावतीवर रक्कम छापलेली असते, ती बघूनच पैसे द्या आणि जास्त घेतले तर १९४७ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा. ठसे द्यायला वेचणीच्या दिवसांत नेऊ नका. बोंडाच्या टोकांनी बोटे सोललेली असतात, ठसा पुसटच उमटतो. हंगाम सरल्यावर कातडी भरली, की न्या.