दुकानाचा गल्ला आणि मंडळाची पेटी

प्रश्न : न्यू जर्सीत यांचा छपाईचा आणि बॅनरचा व्यवसाय आहे, सोल प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा. जानेवारीपासून इथल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद यांच्याकडे आलंय. दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं घाईगडबडीत यांच्या धंद्याच्या खात्यावर झेलने (Zelle, फोनवरून बँक खात्यात पैसे पाठवायची सोय) घेतली गेली. बॅनरही आमच्याच दुकानातून गेले. आता आमचा सीपीए (कर-हिशेब बघणारा) कपाळाला आठ्या घालतोय आणि कार्यकारिणीत कुजबुज सुरू झालीय. काय करावं?

उत्तर : ताई, आधी झेलचं निस्तरा. धंद्याच्या खात्यात आलेली रक्कम तपासणीत विक्रीच धरली जाऊ शकते. ती मंडळाची होती हे दाखवायचं काम तुमचं. बँकेचं स्टेटमेंट काढून तिकिटांच्या यादीशी एकेक नाव जुळवा. समजा ११२ तिकिटं, ४० डॉलरप्रमाणे ४,४८० डॉलर व्हायला हवेत आणि खात्यात ४,४०० सापडले, तर दोघांनी दारावर रोख दिलेत. ते कोण, हे आत्ताच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी कुणालाच आठवणार नाही. मग पूर्ण रक्कम एकाच चेकने मंडळाच्या खात्यात भरा. त्यातून बॅनरचे पैसे परस्पर कापून घेऊ नका. ‘आमचं येणं होतं, ते वळतं करून बाकीचे दिले’ या एका वाक्यावरून मंडळं फुटतात. बॅनरचं बिल वेगळं लावा आणि खजिनदाराकडून रीतसर चेक घ्या.

मंडळाचं स्वतःचं खातं नसेल तर ते मंडळाच्या ईआयएनवर (संस्थेचा कर-नोंदणी क्रमांक) उघडा, अध्यक्षांच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर नव्हे. ईआयएन आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) साइटवर फुकट मिळतो; पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या असतात. खात्यावर दोन सह्या ठेवा, पण एकाच घरातल्या नकोत. नवरा-बायकोच्या दोन सह्या लोक एकच धरतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

आता बॅनर. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी मिळालेली धर्मादाय संस्था, असेल तर अध्यक्षांच्या दुकानातून माल घ्यायला बंदी नाही. बाजारभावापेक्षा जास्त पैसे घेतले तर मात्र जास्तीच्या रकमेवर २५ टक्के कर अध्यक्षांवर स्वतःवर बसू शकतो, आणि ती रक्कम वेळेत परत केली नाही तर २०० टक्के. म्हणून दुसऱ्या दोन दुकानांची कोटेशनं मागवा, हे दुकान आपलं आहे असं यांनी बैठकीत सांगावं, चर्चा आणि मतदानाच्या वेळी खोलीबाहेर जावं, आणि हे सगळं त्याच बैठकीच्या इतिवृत्तात यावं. मागाहून लिहिलेलं इतिवृत्त लगेच ओळखू येतं. बॅनर फुकट देऊ म्हणाल, तर छापायच्या कामाचा वेळ देणगीत धरता येत नाही, फक्त कापड-शाईचा खर्च धरता येतो.

त्यापेक्षा प्रायोजक व्हा. सोल प्रोप्रायटरची देणगी शेड्यूल सी वर (धंद्याच्या जमाखर्चात) चढत नाही, ती घरच्या रिटर्नमध्ये शेड्यूल ए वर (घरच्या वजावटींच्या यादीत) जाते. यादी न करता स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेणाऱ्या घराला तिथे तिचा उपयोग नसतो; २०२६ पासून अशा घराला ठराविक मर्यादेपर्यंतची रोख देणगीच तेवढी वेगळी धरता येते. गिऱ्हाईक मिळेल या रास्त अपेक्षेने दिलेलं प्रायोजकत्व मात्र जाहिरातीचा खर्च म्हणून धंद्यात धरता येतं. मंडळाने स्टेजवर दुकानाचं नाव, लोगो, पत्ता लावायला हरकत नाही. ‘मंडळाच्या सभासदांना २० टक्के सूट, आजच ऑर्डर द्या’ असं छापलं की ती जाहिरात होते, आणि मंडळाच्या उद्देशाशी संबंध नसलेल्या अशा धंद्याचं एकूण उत्पन्न वर्षाला १,००० डॉलर किंवा जास्त झालं तर मंडळाला फॉर्म ९९०-टी भरावा लागतो. सभासदांच्या ईमेल यादीला दुकानाचं पत्रक पाठवणं तर पूर्ण टाळा. कायद्यापेक्षा माणसं त्याने जास्त दुखावतात.

मंडळाची वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर आयआरएसला दरवर्षी द्यायच्या माहितीसाठी ९९०-एन हा छोटा फॉर्म पुरतो: ऑनलाइन, फुकट, आठ प्रश्नांचा. वर्ष डिसेंबरला संपत असेल तर मुदत १५ मे. एक वर्ष राहिला तर दंड नाही, म्हणूनच तो राहतो. सलग तीन वर्षं राहिला की करमाफी आपोआप रद्द होते आणि पुन्हा फी भरून अर्ज करावा लागतो. मावळते अध्यक्ष म्हणतात नव्यांनी भरला असेल, नव्यांना अशी काही गोष्ट असते हेच ठाऊक नसतं. अध्यक्ष बदलले की जबाबदार व्यक्ती आणि पत्ता बदलल्याचं कळवणारा फॉर्म ८८२२-बी आयआरएसला ६० दिवसांत पाठवायचा असतो. यांचा गेलाय का, आजच बघा. नाहीतर आयआरएसची पत्रं आधीच्या अध्यक्षांच्या जुन्या पत्त्यावर पडून राहतील.

गावाकडच्या शाळेसाठी पैसे जमवायचा बेत बहुतेक मंडळांत निघतोच. अमेरिकेतलं मंडळ भारताच्या लेखी परदेशी स्रोत आहे, त्यामुळे घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतातला कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जायला हवेत. संस्थेच्या सचिवांच्या बचत खात्यात पाठवलेले पैसे त्यांनाच अडचणीत आणतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट दिलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्याची धरली जाते. म्हणजे एकाच घरात नवऱ्याने दिलेले पैसे चालतील आणि बायकोने दिलेले अडकतील, असंही होतं.

पुढच्या कार्यक्रमाच्या दारावर टेबलाशी दोन माणसं बसवा, मंडळाच्या खात्याचा क्यूआर कोड छापून लावा आणि रोख रकमेसाठी नंबर घातलेली पावतीपुस्तकं ठेवा. गल्ला त्याच रात्री दोघांनी मोजून, कागदावर सह्या करून खजिनदाराकडे द्यायचा. यांच्या गाडीतून तो घरी आणायचा नाही, एका रात्रीपुरताही नाही.