इंटरफेसच्या आत एनम ठेवायचा का?

भाऊ, तू विचारून राहिला ना की जावामध्ये एनम (ठरावीक नावांची यादी) वेगळ्या फाइलमध्ये ठेवू की इंटरफेसच्या (क्लासनं कोणत्या मेथड द्यायच्या ते सांगणारा करार) आत, तर सरळ सांगतो, त्या इंटरफेसशिवाय त्याचा कुठेच उपयोग नसेल तर आतच ठेव. आपल्या नागपूर मेट्रोचंच घे, तिकीटसेवा नावाचा इंटरफेस, त्यातली भाडं काढणारी मेथड लाइन मागते, लाइन दोनच, ऑरेंज आणि ॲक्वा, मग तो एनम तिथेच शोभते. बाहेरून तिकीटसेवा.लाइन.ऑरेंज लिहिलं की वाचणाऱ्याले लगेच कळते.

आतल्या एनमसमोर पब्लिक स्टॅटिक लिहायची गरज नाही, तो आपोआप तसाच असतो, प्रायव्हेट मात्र करताच येत नाही, म्हणून आत टाकला म्हणजे लपला असं समजू नको.

आता महत्त्वाचं. इंटरफेस इंप्लिमेंट केला की क्लासमध्ये तिकीटसेवा.लाइन ऐवजी नुसतं लाइन लिहून चालते, पण फक्त तेवढ्यासाठी इंप्लिमेंट्स लावू नको बावा, ते नातं बाहेरच्या सगळ्यांना दिसते आणि नंतर तोडता येत नाही, त्यापेक्षा इंपोर्ट कर. २००४ मध्ये जावा ५ आलं तेव्हा एनम मिळाले, त्याआधी लोकं इंटरफेसमध्ये इंट कॉन्स्टंट (न बदलणारे आकडे) भरून ठेवायचे, जुन्या कोडमध्ये दिसेल, ते उचलू नको.

आणि डेटाबेसमध्ये ऑर्डिनल (एनममधल्या नावाचा क्रमांक) कधीच सेव्ह करू नको, उद्या कोणी मधात नवीन लाइन टाकली की पुढचे सगळे नंबर सरकतात, नाव सेव्ह कर. दुसऱ्या इंटरफेसलेही तोच एनम लागायला लागला तर तेव्हाच बाहेर काढ, जितका उशीर तितक्या जास्त फाइली बदलाव्या लागतील.