‘सिनेमा पॅराडिसो’ : आधी कोणती आवृत्ती पाहावी?

हा इटालियन चित्रपट दोन निरनिराळ्या लांबीत मिळतो, त्यांपैकी कोणता पाहावा आणि घरच्यांसोबत बसून पाहता येईल का, असे आपण विचारले आहे. आधी छोटा, म्हणजे १२४ मिनिटांचा पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चुंबने आणि थिएटरातल्या टवाळ पोरांची काही चावट दृश्ये वगळता घरच्यांसमोर अवघडण्यासारखे त्यात फारसे नाही.

जुझेप्पे तोर्नातोरे यांचा हा चित्रपट १९८८मध्ये इटलीत प्रदर्शित झाला तेव्हा सुमारे १५५ मिनिटांचा होता आणि चालला नाही. कात्री लावलेल्या आवृत्तीला १९८९मध्ये कान महोत्सवात ज्यूरीचा विशेष पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी परभाषी चित्रपटाचे ऑस्करही मिळाले. जवळजवळ तीन तासांची दिग्दर्शकाची आवृत्ती २००२मध्ये आली.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सिसिलीतील एका गावात टोटो हा बाप गमावलेला पोरगा आणि थिएटरचा ऑपरेटर अल्फ्रेदो यांची ही गोष्ट आहे. पाद्रीबुवा रिकाम्या थिएटरात बसून सिनेमा आधी तपासतात. पडद्यावर चुंबन आले की घंटी वाजवतात आणि अल्फ्रेदो त्या जागी रिळात कागदाचा कपटा खोचून ठेवतो, म्हणजे नंतर तेवढा तुकडा कापता येतो. खरे तर रीळ परत पाठवताना ते तुकडे पुन्हा जोडायला हवेत, पण जागा सापडत नाही आणि तुकडे केबिनमध्येच साठत जातात. खटाव तालुक्यात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फिल्म तुटली की शिट्ट्यांचा गदारोळ व्हायचा आणि ऑपरेटर मात्र शांतपणे तुटलेले टोक ब्लेडने खरवडून, फिल्म चिकटवायचे सिमेंट लावून, दोन्ही टोके बोटांनी दाबून धरायचा. जोडणीपाशी दोन-चार शब्द गायब व्हायचे, त्याची तक्रार कोणी केलेली मला आठवत नाही.

त्या काळची नायट्रेटची फिल्म पेटली की पाण्याखालीही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. चित्रपटातली आग म्हणूनच नाटकी वाटत नाही. तीत अल्फ्रेदोची दृष्टी जाते, पोरगा त्याला ओढत बाहेर काढतो आणि पुढे केबिन स्वतः सांभाळतो. फिलीप न्वारे यांचा अल्फ्रेदो आणि एन्निओ मॉरिकोने यांचे संगीत यांबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही.

लांब आवृत्ती नंतर पाहा असे मी म्हणतो, त्याचे कारण अल्फ्रेदोच आहे. (यापुढे थोडा उलगडा होतो.) छोट्या आवृत्तीत तो टोटोला गाव सोडून जा, मागे वळू नकोस असे बजावतो, तेव्हा ती वडीलधाऱ्या माणसाची कळकळ वाटते. मोठ्या आवृत्तीत कळते की टोटोच्या प्रेमप्रकरणातही त्याने परस्पर हात घातला होता, आणि ज्याला आपण गुरू मानत होतो त्याने शिष्याला न विचारता त्याच्या आयुष्याचा निर्णय घेऊन टाकलेला असतो. हे अधिक खरे असेलही, परंतु पहिल्याच भेटीत ते कळले तर कपट्यांच्या आणि तुकड्यांच्या त्या सगळ्या प्रसंगांकडे आपण संशयाने पाहू लागतो. शिवाय नायकाच्या प्रौढ वयातला तो वाढीव भाग बराच रेंगाळतो.

दोन्ही आवृत्त्यांचे नाव बहुतेक ठिकाणी एकच दिलेले असते, तेव्हा सुरू करण्यापूर्वी लांबी दोन तास चार मिनिटांच्या आसपास आहे ना, एवढे पाहून घ्या.