भिंतीकडे तोंड करून गायलेलं गाणं

मागच्या अंकात मी खर्जाच्या, म्हणजे अगदी खालच्या सुरांच्या, रियाजाबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत रियाजाच्या शंका थोड्याच होत्या. बहुतेकांनी गाण्याच्या निमित्ताने मनातलं लिहिलं. गेली 31 वर्षं मिरजेत गाणं शिकवते आहे, पण ही पत्रं वाचताना दोनदा चष्मा काढून ठेवावा लागला. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही. जी पत्रं इतरांच्याही उपयोगी पडतील तेवढी निवडली आहेत.

बाई, माझं वय 52. गल्लीतल्या भजनी मंडळात 18 वर्षं गाते. फाल्गुनात आई गेली. तेव्हापासून मंडळात जाते, टाळ हातात घेते, पण तोंड उघडलं की घशात गोळा येतो, आवाज फुटत नाही. घरी एकटी असले तरी तेच. बाकीच्या म्हणतात, ‘आता सावर, देवाचं नाव घेताना रडू नये.’ माझा आवाज गेला का? — एक वाचक, इचलकरंजी

ताई, तुमचा आवाज गेलेला नाही. तो अडला आहे. का अडला ते आधी सांगते, म्हणजे भीती कमी होईल. रडू येतं तेव्हा शरीराला जास्त हवा हवी असते, म्हणून स्वरयंत्राचं दार उघडं राहू पाहतं. आपण रडू दाबतो, आवंढा गिळतो, आणि गिळताना तेच दार मिटावं लागतं. या ओढाताणीचा जो गोळा लागतो त्याला आपण गळा दाटून आला म्हणतो. गाताना स्वरतंतूंना अलगद जवळ यावं लागतं. बाईमाणसाच्या साध्या बोलण्यातसुद्धा ते सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांना भिडतात. दाराची अशी ओढाताण चालू असताना ते कसे भिडणार? तुमच्या घशात दोष नाही, दाबलेलं रडू आहे.

माझे यजमान गेले तेव्हा माझा तानपुरा 14 महिने गवसणीत होता. विद्यार्थिनी येत, मी पेटीवर सूर दाखवून शिकवत असे, पण स्वतः ‘सा’ लावत नसे. ते ज्या खुर्चीत बसून ऐकायचे ती खुर्ची समोर दिसायची. एका दुपारी सतारमेकर गल्लीतले आमचे नेहमीचे कारागीर सहज डोकावले. गवसणी काढून त्यांनी उतरलेल्या तारा पाहिल्या आणि काही न बोलता जवारी लावायला, म्हणजे तारांचा झणकार जुळवायला, बसले. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासायची, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा दोरा सरकवायचा. कितीतरी वेळ एकच तार. शेवटी ती झणकारली आणि माझ्या तोंडून नकळत ‘म्’ निघाला. ओठ मिटलेले, शब्द नाही, नुसता घुमारा. पाठोपाठ रडू फुटलं. ते कारागीर मान खाली घालून दुसरी तार लावत राहिले. ‘सावरा’ म्हणाले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

तुम्ही त्या ‘म्’पासून सुरुवात करा. मंडळात नको, देवापुढेही नको. कुकरची शिटी व्हायची वाट बघत ओट्याशी उभ्या असता ना, तेव्हा. ओठ मिटलेले, आत दात सुटे, आवाज बोलण्याच्याच उंचीचा. श्वास पुरेल तेवढाच लांब. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना संथ होतात. गाण्यात घेणं आखूड आणि सोडणं लांब असतं, म्हणून अंग निवतं. मध्येच रडू आलं तर थांबायचं, रडायचं, नाक शिंकरायचं आणि पुन्हा ‘म्’.

आठ-दहा दिवसांनी त्यावर शब्द ठेवा, पण अभंगाचे नकोत, तुमचे स्वतःचे ठेवा. माझी आजी जतजवळच्या खेड्यात पहाटे दळायला बसायची. भिंतीकडे तोंड, हातात खुंटा, सगळं घर झोपलेलं. दिवसा सासूसमोर जे बोलायची सोय नव्हती ते ती जात्याला सांगायची. खुंटा ओढायला जोर लागतो, त्या जोराबरोबर शब्दही बाहेर पडायचा. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आई-बाप, भाऊ, लेक, सासुरवास, दुष्काळ, सगळं त्यांत आहे. श्रोते बसवून गायलेल्या या ओव्या नाहीत. फार तर जात्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊ नाहीतर नणंद. चाल मोजक्या सुरांत फिरणारी, कारण लक्ष चालीकडे नव्हतंच, सांगण्याकडे होतं.

तुम्ही आईला उद्देशून दोन ओळी जुळवा. यमक साधलं नाही तरी चालेल. धीर यावा म्हणून मी त्या दिवसांत केलेली एक ओवी देते. आजवर कुणाला म्हणून दाखवलेली नाही:

*चष्मा राहिला फळीवर, गवसणीत तानपुरा*
*सांग सखे कुणा पुसू, सूर लागला का पुरा*

आणखी एक. नुसते टाळ धरून बसण्याचे महिने वाया गेले असं समजू नका. कुमार गंधर्वांना ऐन उमेदीत क्षयाने गाठलं. 1948 च्या सुमारास ते हवापालटासाठी माळव्यातल्या देवासला आले आणि काही वर्षं त्यांचं गाणं पूर्ण बंद होतं. त्या दिवसांत ते माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले. 1953 च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते ऐकणं त्यांच्या गाण्यात मुरलेलं होतं. मंडळातल्या मैत्रिणींना माझा निरोप सांगा: ताईंना शेजारी बसवून घ्या आणि त्यांच्या वाटणीचं कडवं तुम्ही म्हणा.

मी 34 वर्षांचा, हिंजवडीत नोकरी करतो. आठवीत समूहगीत बसवताना शिक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘तू नुसते ओठ हलव.’ तेव्हापासून मी वाढदिवसाचं गाणंही म्हणत नाही. आता मुलगी नऊ महिन्यांची आहे. तिला अंगाई म्हणावीशी वाटते, पण तोंड उघडत नाही. बेसूर माणसाला शिकता येतं का? — एक वाचक, पुणे

तुमचं पत्र वाचून मला राग आला, तुमच्या वतीने. आठवीत म्हणजे तेव्हा तुम्ही 13 वर्षांचे. त्या वयात मुलाचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. ही उतरण एका रात्रीत होत नाही. कित्येक महिने आवाज कधी वर जातो, कधी फाटतो. त्यात समूहगीताची पट्टी बहुतेक वेळा मुलींच्या सोयीची, पेटीवरची काळी चार नाहीतर काळी पाच, म्हणजे उंच. तुमच्या उतरत्या आवाजाला उभं राहायला तिथे जागाच नसणार. तुम्ही बेसूर नव्हता, वाढत होता. हे ओळखणं शिकवणाऱ्याचं काम होतं. ते न ओळखल्यामुळे तुमची 21 वर्षं गाण्याविना गेली.

तुमचा कान शाबूत आहे की नाही, ते असं बघा. आईचा फोन आला की तिच्या पहिल्या ‘हॅलो’वरून तिचं काहीतरी बिनसलंय हे कळतं का? कळत असेल, तर आवाजाची चढ-उतार तुम्हाला नीट ऐकू येते. राहिला तो गळ्याचा सराव. पेटीवर सूर धरून त्याच्यामागे धावू नका. आधी तुम्ही सहज ‘आ’ म्हणा आणि तो पेटीच्या कुठल्या पट्टीला जुळतो ते शोधा. पेटी नसेल तर मोबाइलवर मिळते. पुरुषांचा ‘सा’ पांढरी एक, काळी एक, काळी दोन यांच्या आसपास सापडतो. सापडला की पंधरा दिवस तो एकच. बरेच पुरुष गाडीत सिनेमातल्या गायकाच्या पट्टीत गायला जातात, गळा ताणला जातो आणि पुन्हा वाटतं, आपल्याला जमत नाही. तेच गाणं तीन-चार पट्ट्या खाली घ्या.

आणि अंगाईसाठी पंधरा दिवस थांबू नका. आज रात्रीच मुलीला छातीशी धरा, दिवा मालवा आणि तिचं नाव दोन सुरांत म्हणा, एक वरचा, एक खालचा. तुमच्या छातीची थरथर तिच्या अंगाला जाणवेल. नऊ महिने ती हा आवाज रोज ऐकते आहे. तिच्या लेखी बाबाचा आवाज असाच असतो.

सासरे 71 वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी उजव्या बाजूला झटका आला, बोलणं गेलं. ‘पाणी’सुद्धा म्हणता येत नाही. पण एकादशीला शेजारी भजन चाललेलं ऐकून त्यांनी रोजचा अभंग शब्दांसकट म्हटला! आता भाऊबंद म्हणतात, म्हातारा सोंग करतोय. — एक सून, बार्शी

सोंग नाही हो. भाऊबंदांना हे उत्तर वाचायला द्या. बहुतेक माणसांत बोलणं घडवणारा भाग मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतो, आणि शरीराची उजवी बाजूही डावा मेंदूच चालवतो. म्हणून उजवं अंग आणि बोली बऱ्याचदा एकदम जातात. सूर, चाल, पाठ झालेलं गाणं यांत उजव्या अर्ध्याचाही मोठा वाटा असतो. तो शाबूत असला की माणूस ‘पाणी’ म्हणू शकत नाही आणि अख्खा अभंग म्हणू शकतो. त्यांना स्वतःलाही याचं किती आश्चर्य आणि किती दुःख होत असेल, विचार करा.

याच गोष्टीचा आधार घेऊन 1973 मध्ये अमेरिकेत, बोस्टनला, एक उपचारपद्धत तयार झाली. रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोन सुरांत, लयीत म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराबरोबर रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा. ‘पा-णी द्या’: ‘पा’ वर, ‘णी’ खाली, ‘द्या’ पुन्हा वर. आधी त्यांच्याबरोबर म्हणायचं, मग हळूहळू आपला आवाज काढून घ्यायचा, मग सूर उतरवत बोलण्याकडे न्यायचं. ज्यांना दुसऱ्याचं बोलणं बऱ्यापैकी कळतं पण स्वतःचं अडतं, त्यांना याचा जास्त उपयोग होतो. सगळ्यांना होईलच असं नाही, म्हणून स्पीच थेरपिस्टला दाखवा आणि लवकर दाखवा. तोवर रोज संध्याकाळी अभंग म्हणू द्या. शेजारी बसा, हाताने ठेका धरा. ‘गाता येतं तर बोलून दाखवा’ असं मात्र कुणीही म्हणायचं नाही.

मी 22 वर्षांची. मनातलं साठलेलं बाहेर काढायला दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिथे तासभर जोराने ओरडायला लावलं. आधी मोकळं वाटलं, पण दहा दिवस झाले, आवाज बसलाय आणि रात्री पुन्हा तेच विचार येतात. अजून एक शिबिर करू का? — नाशिक

नको, बाळ. ओरडताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात, सुजतात. पुन्हा पुन्हा झालं तर त्यांवर गाठी येतात. आता थोडे दिवस कमी बोल, पाणी भरपूर पी, साध्या पाण्याची वाफ घे. कुजबुजूही नकोस. कुजबुजण्यात गळ्याला विश्रांती मिळत नाही. आवाज बसून तीन आठवडे झाले तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र आतून बघून घे. गाण्याच्या बाईला तो गळा बाहेरून दिसत नाही.

रात्रीच्या विचारांबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, पण मी ती पुन्हा पुन्हा वाचली. गाणं सोबत करतं, पण काही ओझी अशी असतात की ती उचलायला शिकलेला माणूस लागतो. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आज फोन कर. गाणं थांबेल तुझ्यासाठी. आवाज सुटला की मला पुन्हा लिही, आपण ‘म्’पासून सुरुवात करू.

मोबाइलवरचा तानपुरा चालेल का? — तीन-चार वाचक

चालेल. आवाज तुमच्या बोलण्याहून बारीक ठेवा, म्हणजे त्याच्यावर ओरडावं लागणार नाही. पट्टी स्वतःची लावा, बासरीवाल्याची किंवा क्लासमधली नको. सुरू केल्याबरोबर गाऊ नका, पाच मिनिटं नुसतं ऐका. मिरजेला येणं झालं तर सतारमेकर गल्लीतून एक चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या दुकानात जवारी लावणं चालू असतं, उंबऱ्याशी उभं राहून ऐकलं तर कुणी हटकत नाही.