वाचकांचे प्रश्न : झूमचा फोटो पुसट येतो, दोष कॅमेऱ्याचा की माझा?

प्रश्न : नमस्कार दादा, मी ऐरोलीला राहते. गेल्या महिन्यात मिस्टरांनी छोटा झूमवाला कॅमेरा घेऊन दिला, त्यावर ४० एक्स लिहिलंय. मेन कारण म्हणजे खाडीतले फ्लेमिंगो. मागच्या रविवारी बोटीतून गेलो, दुपारचे साडेबारा झाले असतील, आणि सगळे फोटो असे पुसट, जसं काय काचेवर दूध सांडलंय. घरात मुलीचे काढले तर चेहरा मेणाचा दिसतो. दुकानदार म्हणतो पीस ओके आहे, तुम्हाला वापरता येत नाही. मला फार लागलं ते. घरच्या घरी कसं तपासू की कॅमेरा खरंच खराब आहे का? – ऐरोलीची एक वाचक

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे दुकानदाराचं बोलणं मनावर घेऊ नका, तपासून न बघता असं बोलणं चुकीचंच आहे. पण कॅमेरा खराब आहे असंही मी लगेच म्हणणार नाही, कारण फोटो पुसट यायला चार जण जबाबदार असू शकतात, हात, उजेड, भिंग आणि हवा, आणि तुमच्या त्या रविवारी चौघंही एकदम हजर होते. भाजीत मीठ आणि तिखट दोन्ही एकदम वाढवलं तर काय जास्त झालं ते कळत नाही ना, तसंच आहे हे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

घरात सुरुवात करा. आजचा मराठी पेपर घ्या, छोट्या जाहिरातींचं पान, आणि दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर डब्यांच्या थप्पीवर ठेवा, झूम अजिबात करू नका, २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना हलणार नाही. ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा. मग आयएसओ (म्हणजे कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) १००, ४००, ८००, १६०० आणि ३२०० असे पाच फोटो काढा, बाकी काही हलवू नका. आता लॅपटॉपवर मोठे करून अनुस्वार बघा. हो, अनुस्वार! परदेशात यासाठी रेघारेघांचे तक्ते मिळतात पण आपल्या देवनागरीसारखा तक्ता नाही, अक्षरावरचा टिंब, पायातला उकार, र्‍याची वाटी, सगळं बारीक. आयएसओ १०० ला टिंब स्पष्ट दिसतो, ८०० ला तो फुगतो, १६०० च्या पुढे कॅमेरा दाणे (आयएसओ वाढवल्यावर फोटोवर येणारे ठिपके) पुसायला जातो आणि त्यांच्याबरोबर टिंबही पुसून टाकतो, 'भांडी'ची 'भाडी' होते.

मुलीचा चेहरा मेणाचा का दिसतो याचं उत्तर इथेच मिळतं. अशा कॅमेऱ्यात बहुतेक १/२.३ इंच म्हणतात तो सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) असतो, त्याचं खरं माप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. त्याच्यावर २ कोटी पिक्सेल बसवलेत. ट्यूबलाइटच्या उजेडात एवढ्याशा सेन्सरला पुरेसा प्रकाश मिळत नाही, मग कॅमेरा आपणहून आयएसओ ८००, १६०० करतो, दाणे येतात, ते तो गुळगुळीत करतो आणि गालाची त्वचा, भुवया, केस सगळं त्यात जातं. ही खराबी नाही, ही त्या सेन्सरची मर्यादा आहे. मुलीला खिडकीजवळ बसवा, आयएसओ ४०० च्या वर जाऊ देऊ नका, लगेच फरक दिसेल. १ इंची सेन्सरचे कॅमेरे यात बरेच पुढे असतात कारण त्यांचं माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, क्षेत्रफळ चौपट, पण एवढा लांब झूम त्यांच्यात बसत नाही आणि पैसेही खूप जास्त.

आता भिंग. खरी खराबी असली तर बहुतेक इथेच सापडते, म्हणून ही टेस्ट नीट करा. स्वच्छ उन्हात गच्चीवर जा, लांबच्या बिल्डिंगची एखादी खिडकी निवडा, ग्रिल असलेली. झूम न करता ती खिडकी एकदा फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून फोटो घ्या, मग वरच्या उजव्या, मग खालचे दोन कोपरे, मग मध्ये. कोपरे मधल्यापेक्षा थोडे मऊ असणारच, सगळ्या छोट्या झूम कॅमेऱ्यांचे असतात. बघायचं ते हे की चारही कोपरे सारखेच मऊ आहेत का. तीन ठीक आणि एक पार वितळलेला असेल तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलंय. माझ्या स्वतःच्या एका कॅमेऱ्यात हे होतं, उजवी बाजू कायम पुसट, आणि मी वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत बसलो, फार वाईट वाटतं आता ते आठवून, त्यात पुतणीच्या बारशाचे सगळे फोटो गेले.

शंका राहिली तर कॅमेरा उलटा धरून भिंतीवरच्या पेपरचा फोटो घ्या. पुसटपणा पेपरच्या त्याच बाजूला राहिला तर तुम्ही तिरके उभे होतात, आणि कॅमेऱ्याबरोबर फिरून पेपरच्या दुसऱ्या बाजूला गेला तर भिंगाचा दोष पक्का. हे दोन फोटो प्रिंट करून दुकानात घेऊन जा, वॉरंटीत आहे तुमचा, मग बोलायला जागा राहत नाही. झूम अर्धा करून आणि पूर्ण करूनही कोपऱ्यांची टेस्ट करा, कारण कधीकधी दोष एकाच टोकाला असतो.

राहिली हवा, आणि मला वाटतं तुमचा रविवार तिनेच खाल्लाय. पूर्ण झूम करा, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला पाच-सहा मीटरवर पेपर लावा आणि फोटो घ्या. मग सकाळी सातला समोरच्या लांबच्या टॉवरचा घ्या, आणि तोच परत दुपारी एकला. जवळचा पेपर चांगला, सकाळचा टॉवर बरा आणि दुपारचा लाटा आल्यासारखा, तर कॅमेरा निर्दोष आहे. दुपारी तापलेल्या चिखलावरून गरम हवा वर येते, ती प्रकाश इकडेतिकडे वाकवते, आणि ९६० मिलिमीटरचा झूम म्हणजे ती सगळी थरथर मोठी करून बघणं. (भिंग २४ ते ९६० मिलिमीटर, म्हणून ४० एक्स. एक्स म्हणजे भिंगाच्या दोन टोकांमधला हिशोब, चांगलेपणाचा नाही.) ओहोटीच्या वेळी पक्षी चिखलावर पसरतात, लांब जातात, तिथे कितीही महागडं भिंग आणलं तरी दुपारी हेच होणार.

अजून एक गोष्ट, जी बॉक्सवर कुणी लिहीत नाही. पूर्ण झूमला अशा कॅमेऱ्याचं भिंग एफ ६.९ च्या आसपास येतं (एफचा आकडा जितका मोठा तितकं भिंगाचं तोंड बारीक), आणि एवढ्या बारीक तोंडातून जाताना प्रकाश पसरतो, एका बिंदूचा साधारण ९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल आहे १.२ मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू सात-आठ पिक्सेल रुंदीवर सांडतो! हा निसर्गाचा नियम आहे, त्याला दुकानदार काही करू शकत नाही आणि तुम्हीही नाही. म्हणून पूर्ण झूमचा फोटो शंभर टक्के मोठा करून बघू नका, साध्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर तेव्हा फोटोचा जेमतेम दहावा भाग दिसत असतो. ४ बाय ६ च्या प्रिंटला २० लाखांच्या थोडे वर पिक्सेल पुरतात, तेवढा लहान करून बघा आणि मग ठरवा.

परत जाल तेव्हा सकाळची बोट बघा, अर्थात बोटीची वेळ भरतीवर असते तेव्हा आधी विचारून घ्या. बोटीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, स्टॅबिलायझेशन चालू ठेवा, आणि डायलवर एस (S) किंवा टीव्ही (Tv) अशी खूण असेल तर ती लावून शटर १/१००० करा, म्हणजे फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपला जाईल. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, पण पक्षी मान हलवतो ते नाही सांभाळत. सकाळच्या उजेडात त्यासाठी आयएसओ ४०० ते ८०० लागेल, थोडे दाणे येतील, येऊ दे, हललेल्या फोटोपेक्षा दाणेवाला फोटो केव्हाही चांगला. आणि परीक्षा बघायची तर चोच बघा, मोठ्या रोहितची (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) गुलाबी आणि फक्त टोकाला काळी, छोट्या रोहितची गडद लालसर. फोटोवरून दोघं ओळखता आले तर तुमचा कॅमेरा पास. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, ती तुमच्या घराच्या मागे आहे ताई, दहा वेळा जा.

प्रश्न : ठाण्यात ओळखीच्या माणसाकडून जुना झूम कॅमेरा मिळतोय, घेताना फोटोत काय बघू? – वर्तकनगरचा एक वाचक

उत्तर : झूमचं नळकांडं आतबाहेर होताना धूळ आत ओढतं आणि ती सेन्सरवर बसली की घरी साफ करता येत नाही. तलावपाळीला नाहीतर उपवनला जा, ढगाळ किंवा रिकाम्या आकाशाचा पूर्ण झूममध्ये फोटो काढा, प्रत्येक फोटोत त्याच जागी राखाडी डाग आला तर सोडून द्या. भिंगात टॉर्च तिरका मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतेच. मग संध्याकाळी काळ्या फांद्या आणि मागे उजळ आकाश असा एक फोटो घ्या, कडेला जांभळी रेघ थोडी असेल तर चालेल, जाड पट्टा नको. ओळखीचा आहे म्हणून लाजू नका, वीस मिनिटं मागून घ्या.

प्रश्न : डिजिटल झूम चालू ठेवू का? – कोपरखैरणे

उत्तर : बंद ठेवा. तो फक्त मधला तुकडा कापून ताणतो, ते तुम्ही घरी येऊन लॅपटॉपवरही करू शकता आणि तेव्हा निदान पूर्ण फोटो हातात असतो.